भागीचे घोडे

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. दोघांनी मिळून घोडे घेतले. त्यावर बसण्याची हौस दोघांनाही होती, परंतु त्याच्या पाठीवरचा व्रण धुवायचा कोणी, हे ठरलेले नव्हते. पहिल्याला वाटले दुसरा धुईल, दुसऱ्याला वाटले पहिला. म्हणीतले घोडे उपाशी मेले नाही, की कोणी चोरून नेले नाही. दोन्ही धनी भले होते, दोघांना व्रण दिसत होता, आणि तरीही ते मेले. माझ्या मते म्हणीचे सारे मर्म यात आहे, आणि आजचे माझे लिखाणही त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

निमित्त घडले ते गेल्या वर्षी भाद्रपदात. गणपती नुकतेच उठले होते. एके सायंकाळी माझे दोन जुने विद्यार्थी घरी आले. दोघेही आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. एक पॅटर्नमेकर, म्हणजे फौंड्रीत ओतीव काम करण्यापूर्वी त्या भागाचा जो लाकडी नमुना लागतो तो घडविणारा. दुसरा त्याच कामाची ड्रॉइंगे संगणकावर करून देणारा. दोघांनीही उमेदवारीचा काळ उद्यमबागेतल्या कारखान्यांतून काढला आणि पुढे स्वतंत्र व्यवसाय मांडला. गेली आठ-दहा वर्षे एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचे पहिल्याकडे असे चाललेच होते. आता दोघांनी मिळून एकच शेड घ्यावी, संगणकावर चालणारे कोरीवकामाचे यंत्र कर्ज काढून आणावे आणि ड्रॉइंगपासून तयार पॅटर्नपर्यंतचे काम एका छपराखाली करावे, असा बेत ठरला होता. दसऱ्याचा मुहूर्तही काढला होता. माझ्याकडे ते आले होते निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहून घेण्यासाठी. मुख्याध्यापकाकडे लोक दोनच गोष्टींसाठी येतात : मुलाच्या प्रवेशासाठी आणि पत्रिकेच्या मजकुरासाठी.

मजकूर मी लिहून दिला. मग सहज विचारले, “आणि आपसातला करार कोणाकडून करून घेतलात?”

दोघेही एकमेकांकडे पाहून हसले. “काय सर, आमच्यात कसला करार? पाचवीपासून एका बाकावर बसलोय. बँकेला लागतो तेवढा कागद वकिलांनी केलाय की.”

“तो वाचलात?”

“इंग्रजीत आहे सर. सही केली.”

ते हसले तेव्हा मला हसू आले नाही. असेच हसू मी पूर्वी एकदा ऐकले होते. त्या वेळी मी स्वतःही त्यात सामील झालो होतो, आणि त्याची किंमत माझ्या वहिनीने मोजली. ती हकीकत त्या दोघांना सांगितली, तीच आज वाचकांनाही सांगतो.

माझे थोरले बंधू छायाचित्रकार होते. लग्ना-मुंजींतून, शाळांच्या वार्षिक संमेलनांतून कॅमेरा खांद्याला लावून हिंडत. त्यांचे एक मित्रही त्याच व्यवसायात, तितकेच कष्टाळू आणि तितकेच निर्व्यसनी. लग्नसराईत एकाला दोन ठिकाणची बोलावणी आली, की दुसऱ्याला धाडावयाचे, असा त्यांचा घरोबा होता. १९९२ साली दोघांनी मिळून शहापुरात एक गाळा भाड्याने घेतला आणि स्टुडिओ काढला. दिवे आणि पडदे आणण्यासाठी वहिनींनी आपल्या पाटल्या मोडल्या. मित्रांनी आपले एन्लार्जर आणि अंधाऱ्या खोलीचे सारे सामान आणले. घरमालक मित्रांच्या ओळखीचा असल्यामुळे अनामत रकमेची पावती त्यांच्या नावावर झाली. गल्ला एक आणि वही एक. ज्याला जशी गरज पडेल तशी त्याने उचल घ्यावी आणि वहीत टिपावी, एवढाच काय तो नियम. पुढे व्हिडिओ कॅमेरा आला, तो कर्जाने. दिवाळीचा फराळ दोन्ही घरांचा एकत्र होई.

तीन-चार वर्षांनी, माझे एम.ए. झाल्यावर, दादा एकदा मला म्हणाले, “तू आता शिकलासवरलास. आमच्या दुकानाचं काय कसं ठरलंय ते चार ओळींत लिहून दे. उद्या कोणाला काय सांगता येतंय?” मी उत्साहाने कागद घेतला, वर ‘श्री’ काढला, दोघांची नावे लिहिली आणि पहिले वाक्य त्या मित्रांना वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, “काय मास्तर, आता आमच्यामध्ये वकील आणून बसवणार होय?” त्यावर दादाही हसले. मीही हसलो. मला वाटले, खरेच, या दोघांमध्ये आपण कशाला पडावे? कागद तसाच राहिला. मग आज लिहू, उद्या लिहू असे म्हणत मी सात वर्षे काढली.

२००३ साली दादा हृदयविकाराने गेले. वय अवघे सत्तेचाळीस. तेराव्यानंतर वहिनींनी मला एवढेच सांगितले, “दुकानात त्यांचं काय आहे, तेवढं विचारून या.” मी गेलो. मित्रांनी वही पुढे ठेवली. शेवटच्या तीन वर्षांत मुलीच्या आजारपणापायी दादांनी उचल अधिक घेतली होती, आणि ती त्यांच्याच अक्षरात होती. व्हिडिओ कॅमेऱ्याचे कर्ज फिटायचे होते. डिजिटल कॅमेरे येऊ लागल्यामुळे त्या एन्लार्जरला कोणी विचारीत नव्हते. मित्रांच्या हिशेबाने दादांकडूनच दुकानाला थोडे येणे निघत होते. वहिनींच्या हिशेबाने त्यांच्या पाटल्या दुकानात होत्या, आणि अकरा वर्षे दुकानाची जी पत वाढली ती दोघांच्या नावाने वाढली होती. मी दोघांचेही ऐकले. आजही मला असे वाटते, की दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.

शेवटी मित्रांनी आपण होऊन काही रक्कम दिली आणि वहिनींनी ती घेतली. देणाऱ्याला वाटले, आपण उपकार केले. घेणाऱ्याला वाटले, आपल्याला फसवले. पुढच्या दिवाळीला फराळाचे डबे गेले नाहीत, आले नाहीत. काही वर्षांनी पुतणीच्या लग्नाला ते गृहस्थ आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. मी त्यांना अडवायला मांडवाच्या दारापर्यंत गेलो होतो, पण काय बोलावे ते सुचले नाही.

दोष त्या मित्रांचा नव्हे आणि दादांचाही नव्हे. थोडाफार असलाच तर ज्याला लिहिता येत होते आणि ज्याने संकोचापायी लिहिले नाही, त्याचा आहे.

हे ऐकून माझे दोन्ही विद्यार्थी गप्प झाले. मग मी कपाटातून पुस्तक काढले. मी सरकारी नोकर. नियमाने मला कोणताही धंदा करण्याची मुभा नाही. त्यामुळे भागीदारीच्या कायद्याचा माझा अभ्यास निव्वळ पश्चात्तापातून झालेला आहे. परंतु तो झाला आहे खरा, आणि त्यातले जे सामान्य माणसाच्या उपयोगी आहे ते येथे थोडक्यात मांडतो.

आपल्या देशात भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्याचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. भागीदारांनी आपसात काय ठरवावे याची मोकळीक तो बहुतांशी त्यांनाच देतो, आणि त्यांनी जे ठरवले नसेल तेथे आपले नियम लावतो. म्हणजे ‘आमच्यात करार नाही’ असे जे म्हणतात त्यांच्यातही करार असतोच. तो त्यांनी केलेला नसून सरकारने केलेला असतो, आणि त्यांनी तो वाचलेला नसतो, इतकेच.

काय असते त्या न वाचलेल्या करारात? नफा आणि तोटा दोघांत समसमान; मग एकाने भांडवलाचा मोठा वाटा घातलेला असो, की एकजण पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असो. कामाबद्दल कोणालाही पगार नाही. आपल्या वाट्याच्या भांडवलावर वेगळे व्याज नाही. त्याहून अधिक रक्कम अडचणीत घातली तर तिच्यावर शेकडा सहा टक्के. धंद्याच्या ओघात एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला बांधतो, कारण कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक भागीदार हा पेढीचा मुखत्यार असतो. आणि पेढीचे देणे थकले तर सावकार ते सबंध देणे कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. अगदी त्याच्या राहत्या घरावरही संकट येऊ शकते. पेढीत आणलेली वस्तू पेढीची होते. ती माझी होती, मी नुसती वापरायला दिली होती, हे मागाहून सिद्ध करणे कठीण.

रोजच्या कामकाजात मतभेद झाला तर बहुमताने निर्णय घ्यावा, असेही हा कायदा सांगतो. पण भागीदार दोनच असले तर बहुमत आणायचे कोठून? एक विरुद्ध एक अशी पेढी कित्येकदा कुलूप लागेपर्यंत तशीच ताटकळत राहते. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही एकजण लेखी सूचना देऊन पेढी मोडू शकतो. आणि दोघांपैकी एकजण मरण पावला तर पेढी संपतेच. कारण एकट्याची भागीदारी असू शकत नाही. मागे राहिलेल्याने हिशेब पुरा न करता धंदा तसाच पुढे चालवला, तर मृताच्या वारसांना त्यांच्या हिश्शाच्या मालमत्तेवर झालेला नफा किंवा शेकडा सहा टक्के व्याज, यांतील एक मागता येते. हे मला २००३ साली माहीत असते, तर निदान काय मागावे आणि कसे मागावे, एवढे तरी वहिनींना सांगता आले असते.

आता नोंदणीविषयी. पेढीची नोंद फर्मांच्या निबंधकाकडे करणे सक्तीचे नाही, म्हणून पुष्कळजण ती करीत नाहीत. पण नोंद नसलेल्या पेढीला आपल्या गिऱ्हाइकावर करारातले येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. भागीदारालाही दुसऱ्या भागीदारावर करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. पेढी मोडून हिशेब मागणे एवढीच वाट उरते. फौंड्रीवाल्यांकडून दोन-दोन, तीन-तीन महिने पैसे न येणे ही आमच्या भागातली नित्याची गोष्ट आहे. लहान उद्योगाचे देणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा म्हणतो, परंतु त्याचा लाभ घ्यायचा तर आपले कागद आधी सरळ हवेत.

राहत्या घरावर संकट येऊ नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, ज्याला सारे ‘एलएलपी’ म्हणतात, ती उपलब्ध केली. तीत सामान्यतः भागीदाराची जबाबदारी त्याने कबूल केलेल्या रकमेपुरती राहते. एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या घरावर टाच येत नाही. मात्र दरवर्षी सरकारकडे विवरणपत्रे भरावी लागतात, विसरले तर दंड बसतो. शिवाय बँक कर्ज देताना बहुधा भागीदारांची वैयक्तिक हमी मागते, आणि ती एकदा दिली की मर्यादित दायित्वाची भिंत त्या कर्जापुरती तरी पडतेच. काही व्यवसायांना स्वतःचे निराळे नियम असतात. वकिलाला वकील नसलेल्याशी भागीदारी करता येत नाही. म्हणून आपल्या पेशाचे नियम आधी पाहावेत.

हे सारे ऐकून पॅटर्नवाला म्हणाला, “सर, एवढं सगळं लिहायचं म्हणजे आमचा एकमेकांवर विश्वासच नाही असं होईल की.”

ही शंका प्रामाणिक आहे, आणि आपल्या समाजात ती खोल रुजलेली आहे. पैशाविषयी स्पष्ट बोलणे आपल्याला हलकेपणाचे वाटते. ज्या बडोद्यात आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथले गुजराती व्यापारी म्हणतात, ‘हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी’. हिशेब करायचा तो कवडीचा, आणि द्यायचे मनात आले तर लाख द्यावेत. हिशेब आणि औदार्य ही दोन निराळी खाती आहेत, हे त्यांना उमगले. आपण ती दोन्ही एकाच वहीत लिहितो आणि मग दोन्ही बुडतात.

मी त्या मुलाला त्याच्याच धंद्यातले उदाहरण दिले. ओतलेले लोखंड थंड होताना आकुंचन पावते. बिडाच्या बाबतीत हे आकुंचन सुमारे शेकडा एक असते. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा आखलेला. मी विचारले, “पॅटर्न मोठा करतोस, तो लोखंडावर विश्वास नाही म्हणून का?” तो म्हणाला, “नाही सर, ते आकसणारच. तो त्याचा गुण आहे.” मी म्हटले, “मग माणसाचा उत्साहही थंड होताना आकसतो. तोही त्याचा गुणच आहे. त्याची सोय आधी करायची, एवढेच.”

कर्तबगार माणसे एकत्र येतात तशी वेगळीही होतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही आपापल्या कलेत स्वयंभू. थोड्याच वर्षांत टेंबे निघाले, पुढे बोडसही निघाले, आणि कंपनीचे वैभव व कर्ज दोन्ही एकट्या बालगंधर्वांच्या माथ्यावर आले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तीही भागीदारीच. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कसबी कलावंत, आणि भांडवलासाठी सीताराम कुलकर्णी. १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला, आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण धायबर आधीच वेगळे झाले होते. १९४२ मध्ये शांतारामही निघाले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. वेगळे होण्याने त्यांच्यापैकी कोणाचेही काम हलके ठरले नाही. मात्र अशा माणसांनाही जी वेळ चुकली नाही, ती आपल्याला चुकेल असे समजून कोणी दुकान मांडू नये.

भाऊ-भाऊ असले की कागद लागत नाही, असेही पुष्कळांना वाटते, आणि त्यासाठी आम्ही बेळगावकर किर्लोस्करांकडे बोट दाखवतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईत शिक्षकाची नोकरी करीत आणि बेळगावची बाजू त्यांचे बंधू रामुअण्णा सांभाळीत. त्यातून पुढे केवढा उद्योग उभा राहिला हे सर्वश्रुत आहे. पण तसा भाऊ मिळणे हे भाग्य. भाग्य गृहीत धरून व्यवहार करू नये.

मग त्या दोघांना मी एक काम लावले. प्रत्येकाने आपापल्या घरी, दुसऱ्याला न दाखवता, मराठीत आणि स्वतःच्या अक्षरात काही प्रश्नांची उत्तरे लिहून आणावयाची. कोण काय आणणार, आणि त्याची आजची किंमत काय? कोणती वस्तू पेढीची आणि कोणती ज्याची त्याची? महिन्याची उचल किती, आणि त्याहून अधिक लागली तर ती कर्ज की नफ्यातला आगाऊ हिस्सा? किती रकमेपासून पुढे दोघांच्या सह्या लागतील? जुनी गिऱ्हाइके कोणाची समजायची? पेढीच्या नावावर मेव्हण्या-भावाला जामीन राहायचे का? मुलगा किंवा पत्नी धंद्यात येऊ म्हणाली तर? मतभेद झाला तर पंच म्हणून कोणाचा शब्द मानायचा? एखादा सहा महिने अंथरुणाला खिळला तर त्याला काय मिळेल? आणि शेवटचा प्रश्न : दोघांपैकी एकजण निघून गेला किंवा देवाघरी गेला, तर हिश्शाची किंमत कोण, कशी ठरवणार, किती हप्त्यांत देणार, आणि पेढीचे नाव कोणाकडे राहणार?

मराठीत लिहा, असे मी मुद्दाम सांगितले. आम्हा सीमाभागातल्या लोकांना तीन-चार भाषांत सह्या करण्याची सवय आहे. कचेरीची भाषा एक, बँकेची दुसरी, आणि घरची तिसरी. पण भांडणाचा प्रसंग आला की माणूस घरच्या भाषेतच भांडतो. म्हणून ठराव आधी त्या भाषेत व्हावा, तो दोघांना तोंडपाठ असावा. मग वकिलाने त्याचे इंग्रजी किंवा कन्नड खुशाल करावे. आणखी एक अट घातली : अखेरचे वाचन दोघांच्या पत्नींच्या समोर व्हावे. पाटल्या त्यांच्या हातच्या असतात.

पुढच्या रविवारी दोघे कागद घेऊन आले. उत्तरे शेजारी शेजारी ठेवली आणि एका बाकावर बसलेल्या त्या दोघांना प्रथमच कळले, की ड्रॉइंगवाला ही शेड सात-आठ वर्षांची पायरी समजत होता, पुढे त्याला स्वतःची फौंड्री काढायची होती. आणि पॅटर्नवाला समजत होता, की आपला मुलगा आयटीआय करून याच शेडमध्ये उभा राहणार. जुन्या गिऱ्हाइकांविषयीही दोघांची उत्तरे उलट होती. आवाज चढले. एकजण चहा न घेता उठून गेला. त्या रात्री मला झोप आली नाही. वाटले, चांगले चाललेले एक स्नेहाचे नाते आपण विनाकारण विस्कटले.

परंतु तो तिसऱ्या दिवशी शाळेत आला आणि म्हणाला, “सर, हे आत्ता कळलं ते बरं झालं. यंत्र आल्यावर कळलं असतं तर?” दसऱ्याचा मुहूर्त टळला. पत्रिका छापल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मधल्या काळात मी सुचवल्यावरून त्यांनी एकच मोठे काम मिळून केले, केवळ त्या कामापुरती भागीदारी धरून. कायद्यात तशीही सोय आहे. त्या कामात दोघांना एकमेकांचा वक्तशीरपणा, उधारीची सवय आणि राग तिन्ही कळले. आणखी दोन रविवार बसल्यावर कागद पुरा झाला. मुदत दहा वर्षांची. गिऱ्हाइकांची यादी जोडलेली. हातची अवजारे ज्याची त्याची. निघायचे झाल्यास सहा महिने आधी सूचना. निघणाऱ्याच्या नावाची जाहीर सूचना द्यायची, कारण ती न दिल्यास पेढीच्या पुढच्या देण्यांतही तो अडकू शकतो. आणि एकाचे बरेवाईट झाल्यास त्याच्या कुटुंबाला हिश्शाची रक्कम दोन वर्षांत. त्यासाठी दोघांनीही विमा उतरवावा, ही सूचना पॅटर्नवाल्याच्या पत्नीची. माझ्या एम.ए.ला ती सुचली नव्हती.

या वर्षीच्या पाडव्याला शेडचे उद्घाटन झाले. पेढीची रीतसर नोंदणी झाली आहे. धंदा चालेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ते बाजार, बँक आणि त्यांचे कष्ट यांच्या हाती आहे. पण चालला नाही, तरी त्या दोन घरांतला फराळ बंद पडू नये, एवढी व्यवस्था त्या साडेतीन पानांत झाली आहे.

उद्घाटनाला मी वहिनींना घेऊन गेलो होतो. त्यांनी दोन्ही सुनांच्या ओट्या भरल्या आणि परत येताना रिक्षात एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, कागद केला ना यांनी?” मी हो म्हटले. त्या मग घर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

आपल्या वाचकांच्या घरांतून आज कितीतरी मुले-मुली नोकरीच्या मागे न लागता स्वतंत्र व्यवसाय करीत आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आज ना उद्या कोणातरी समव्यवसायी मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर एक पाटी लावतील. लावू द्यावी. एकट्याच्या दोन हातांपेक्षा चार हातांनी काम मोठे होते, यात शंका नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना आशीर्वाद द्यावा, पेढे द्यावेत, आणि पेढ्यांच्या आधी एक कोरा कागद द्यावा. ती हसतील. त्यांच्याबरोबर आपण हसू नये.